खडीखालचं तेल: अलास्कातल्या जैविक सफाईचा प्रकरण अभ्यास

पावसाच्या तोंडावर कोकणात आणि गोव्यात पुळणीवर डांबरगोळे येऊन पडतात. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला असे चिकटतात की साबणाला दाद देत नाहीत. खोबरेल तेल नाहीतर रॉकेल लावून चोळत बसावं लागतं. किनारा सफाईला जमलेल्यांपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतंच, "तेल खाणारे जीवाणू असतात ना? मग ते आणून का नाही फवारत?"

प्रश्न रास्त आहे. मलाही तो बरीच वर्षं पडलेला होता. उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा एकाच प्रकरणाकडे गेलो, ते म्हणजे १९८९ सालच्या अलास्कातल्या तेलगळतीकडे. किनाऱ्यावरची जैविक सफाई इतक्या मोठ्या पट्ट्यावर त्याआधी कुठेच झाली नव्हती. तिथे काय करून पाहिलं, काय साधलं आणि काय हातून निसटलं, हे सगळं नोंदलेलंही आहे. जहाजाचं आणि संस्थांचं नाव जगजाहीर असल्यामुळे ते दिलं आहे. माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. कोणी घेतला यापेक्षा निर्णय कोणत्या माहितीवर आणि कोणत्या घाईत घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पार्श्वभूमी

२४ मार्च १९८९, गुड फ्रायडे. मध्यरात्र उलटून काही मिनिटंच झाली होती. व्हाल्डिझ बंदरातून कच्चं तेल भरून निघालेलं 'एक्झॉन व्हाल्डिझ' हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड या आखातातल्या ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढलं. जहाजात सुमारे २० कोटी लिटर तेल होतं. त्यातलं ४ कोटी लिटरच्या आसपास समुद्रात सांडलं.

पहिले तीन दिवस हवा शांत होती. तेल जहाजाच्या आसपासच तरंगत होतं, पण ते गोळा करायची साधनं पुरेशी नव्हती आणि जी होती ती वेळेवर पोचली नाहीत. २६ मार्चच्या रात्री वादळ आलं. वाऱ्याने तेल घुसळलं, त्यात पाणी मिसळलं आणि काकवीसारखा दाट, चिकट लगदा तयार झाला. तो बेटाबेटांच्या किनाऱ्याला जाऊन लागला. पुढच्या काही आठवड्यांत मिळून सुमारे २,१०० किलोमीटर किनारपट्टीला कमी-जास्त तेल लागलं. महाराष्ट्राचा किनारा बरीच वर्षं साधारण ७२० किलोमीटरचा धरला जात आला, त्या हिशेबाने हे त्याच्या जवळपास तिप्पट झालं.

तिथला किनारा आपल्यासारखा वाळूचा नाही. बहुतेक ठिकाणी वर मोठे गोटे, त्यांच्या सांदीत खडी आणि खाली बारीक रेती-मातीचा दबलेला थर, अशी रचना आहे. आडोशाच्या खाड्यांत लाटांचा जोर फारसा नसतो. वरचे गोटे चिलखतासारखे बसलेले असतात; वादळातही सहसा हलत नाहीत. हे चिलखत पुढे या प्रकरणाच्या मुळाशी येणार आहे.

या बेटांवर माणसंही राहतात. चेनेगा हे मूळ रहिवाशांचं गाव १९६४ च्या गुड फ्रायडेलाच भूकंप आणि त्सुनामीत वाहून गेलं होतं. वाचलेली माणसं वीस वर्षं इकडेतिकडे राहिली आणि १९८४ मध्ये दुसऱ्या बेटावर नव्याने वसली. तिथे घडी बसते न बसते तोच, बरोबर पंचवीस वर्षांनी, पुन्हा गुड फ्रायडेलाच हे तेल आलं. सील, सॅमन, शिंपले यांवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी 'किनारा स्वच्छ झाला का' याचा अर्थ 'आज समुद्रातून आणलेलं ताटात वाढू का' एवढा सरळ होता.

अडचण

पहिला उपाय केला तो धुण्याचा. उन्हाळ्यात दहा हजारांहून अधिक माणसं कामाला लागली. पंपाने समुद्राचं पाणी उचलायचं, तापवायचं, जोराच्या फवाऱ्याने खडकांवर मारायचं, निघालेलं तेल खाली पाण्यात तरंगत्या अडथळ्यांत अडवायचं आणि ओढून घ्यायचं. पाणी ६० अंशांपर्यंत तापवलेलं असे.

टीव्हीवर हे फार चांगलं दिसायचं. काळा खडक धुतला की राखाडी होत होता. पण त्या खडकावर आणखी बरंच काही होतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले शिनाणे, बार्नॅकल, गोगलगायी, समुद्रशेवाळ यांतलं बरंचसं तेलातून कसंबसं तगलं होतं, ते या गरम पाण्याने भाजून निघालं. खडीतली बारीक रेती फवाऱ्याने वाहून गेली. शिंपल्यांना रुजायला लागते ती हीच. शिवाय काही तेल वरच्या पट्ट्यातून सुटून खालच्या, आधी स्वच्छ असलेल्या पट्ट्यात उतरलं. अमेरिकेच्या नोआ या सागरी संस्थेने काही जागा तुलनेसाठी मुद्दाम न धुता ठेवल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत धुतलेल्या जागांपेक्षा त्या न धुतलेल्या जागांवर जीवसृष्टी लवकर सावरताना दिसली. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस मनातून जात नव्हता. इतकी माणसं, इतके कष्ट, आणि तिथल्या जिवांसाठी त्यातला काही भाग तेलाइतकाच जाचक ठरला.

धुऊनही खडीच्या सांदीत, गोट्यांच्या पोटाला तेल राहिलंच. आणि अलास्कात काम करायला हंगाम केवढा? सप्टेंबरच्या मध्यानंतर वादळं सुरू होतात, दिवस लहान होतो आणि किनाऱ्यावर माणसं ठेवणं धोक्याचं होतं. एप्रिलपासून मोजलं तर हातात जेमतेम पाच महिने होते.

समोर असलेले पर्याय

धुणं चालू ठेवणं हा एक पर्याय होताच. तेल विखुरणारी रसायनं समुद्रात फवारण्यावर पहिल्याच दिवसांत वाद झाला होता आणि तेल किनाऱ्याला लागल्यावर त्यांचा उपयोगही उरला नव्हता. काही न करता लाटांवर आणि काळावर सोडून द्यावं, असं सांगणारे शास्त्रज्ञही होते. तो विचार चुकीचा नव्हता, पण ज्यांचं गाव तेलाने माखलंय त्यांच्यासमोर तो मांडणं अवघड होतं.

उरला जैविक उपाय. त्याचे दोन प्रकार आहेत आणि तिथेच लोकांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात तेल खाणारे जीवाणू बाहेरून वाढवून आणायचे आणि किनाऱ्यावर पेरायचे. दुसऱ्यात जीवाणू आणायचे नाहीत. तिथे आहेत त्यांनाच खत घालायचं.

कच्चं तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. समुद्राला ते नवं नाही. तळातल्या भेगांतून ते लाखो वर्षं झिरपत आलं आहे, म्हणून ते खाऊ शकणारे जीवाणू जवळपास प्रत्येक समुद्रात थोड्या संख्येने असतातच. तेल सांडलं की त्यांच्यापुढे एकदम पंगत मांडली जाते आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पण नुसत्या कार्बनवर पेशी बनत नाही. प्रथिनांना नायट्रोजन लागतो, पेशीच्या इतर घटकांना फॉस्फरस लागतो. साधारण हिशेब असा धरतात की कार्बन १०० भाग असेल तर नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ भाग हवा. तेलात हे दोन्ही नसल्यात जमा, आणि अलास्कातल्या त्या स्वच्छ थंड पाण्यातही तुटपुंजेच. तेव्हा जीवाणूंचं घोडं अडतं ते खतापाशी. ज्याने शेत केलंय त्याला हे लगेच कळेल: बी रानात पडलेलंच आहे, ऊनपाणीही आहे, पण जमिनीत कस नाही.

प्राणवायूचा मुद्दाही याच्याच जोडीला होता. तेल झटपट पचवायचं तर जीवाणूला प्राणवायू लागतो. वरच्या उघड्या खडकावर तो मुबलक असतो, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याची फारशी चर्चा झाली नाही.

काय केलं

जूनच्या सुरुवातीला अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि तेल कंपनी यांच्यात करार झाला. कंपनीने पैसा आणि माणसं द्यायची, संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चाचणी आखायची. नाइट बेटावरच्या स्नग हार्बरमध्ये किनाऱ्याचे तुकडे आखले. काहींवर खत टाकलं, काही तसेच ठेवले.

खत कोणतं, यावर बराच खल झाला. साधा युरिया टाकला तर पहिल्याच भरतीत विरघळून समुद्रात जाणार. म्हणून दोन गोष्टी निवडल्या. एक म्हणजे इनिपोल ईएपी २२ हे फ्रेंच तेल कंपनी एल्फचं द्रवखत. त्यात युरिया ओलिक आम्लात अशा रीतीने गुंफलेला असतो की तो पाण्यापेक्षा तेलाला धरून राहतो. खडकावर फवारलं की तेलाच्या थरालाच चिकटतं, म्हणजे जिथे जीवाणू जेवतायत तिथेच ताटात पडतं. दुसरं कस्टमब्लेन हे दाणेदार खत. त्याच्या प्रत्येक दाण्यावर वनस्पती तेलाचं आवरण असतं, त्यातून नायट्रोजन-फॉस्फरस हळूहळू पाझरतात. हे दाणे खडीत टाकायचे, म्हणजे भरतीचं पाणी खत खाली झिरपवत नेईल.

इनिपोलमध्ये एक खोट होती. तो पातळ राहावा म्हणून त्यात २-ब्युटॉक्सीइथेनॉल घातलेलं असतं, आणि ते माणसांना आणि प्राण्यांना घातक आहे. तांबड्या रक्तपेशींना इजा करतं. ते साधारण चोवीस तासांत उडून जातं. म्हणून फवारणाऱ्यांना हातमोजे, मुखपट्टी, अंगभर कपडे सक्तीचे केले आणि फवारणीनंतर दिवसभर पक्षी-प्राणी तिकडे फिरकू नयेत अशी सोय ठेवावी लागली. 'जैविक' शब्द ऐकला की आपण सगळं सात्त्विक धरून चालतो. इथे खत पोचवायचं वाहनच रासायनिक होतं, हे फवारणाऱ्याला माहीत असणं फार गरजेचं होतं.

साधारण दोन-तीन आठवड्यांनी जे दिसलं त्याने सगळ्यांचा सूर बदलला. हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्यांना काळ्या किनाऱ्यावर एक फिकट चौकोन दिसू लागला. कडा सरळ, जणू कोणी पट्टीने आखलाय. इनिपोल टाकलेला तुकडा तेवढाच उजळला होता, दोन्ही बाजूंचे न फवारलेले तुकडे अजून काळे. जमिनीवर उतरून गोटा उचलला तर त्याची वरची बाजू स्वच्छ, आणि उलटा केला की पोटाला तेल तसंच. त्या एका गोट्यात पुढची सगळी हकिकत आधीच होती असं मला वाटतं. पण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे वरच्या बाजूवर होते, आणि तीन महिने काळंच पाहत आलेल्या माणसांना दोष कसा द्यायचा?

ऑगस्टमध्ये मोठ्या पट्ट्यावर खत टाकायला परवानगी मिळाली. हंगाम संपायच्या आत शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर ते टाकलं गेलं. १९९० आणि १९९१ मध्येही काम चालू राहिलं. तिन्ही वर्षांत मिळून सुमारे ५० टन नायट्रोजन तिथल्या किनाऱ्यांना दिला गेला. खताने शेवाळाचा भडका उडेल, अमोनियाने मासळी मरेल ही भीती सुरुवातीपासून होती. त्यासाठी पाण्याची तपासणी चालू ठेवली आणि तसा भडका आढळला नाही.

निर्णयाचे टप्पे

मला या प्रकरणात चार ठिकाणी थांबावंसं वाटतं.

पहिला टप्पा जूनचा. किनारा काळा, वर्तमानपत्रं रोज ओरडतायत, आणि अशा वेळी 'आधी छोट्या तुकड्यावर करून बघू' म्हणणं सोपं नव्हतं. ते म्हटलं गेलं, आणि न फवारलेले तुकडे शेजारी राखले गेले, हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय. तो फिकट चौकोन दिसला तोच मुळी बाजूचे तुकडे काळे ठेवले होते म्हणून.

दुसरा टप्पा ऑगस्टचा. परवानगी दिली तेव्हा हातात काय होतं? डोळ्यांना दिसणारा फरक भरपूर होता. आकड्यांत मात्र तो धड पकडता येत नव्हता. किनाऱ्यावर तेल एकसारखं पसरलेलं नसतं. इथे बोटभर, तिथे नखभर. दोन नमुने एका हाताच्या अंतरावर घेतले तरी दुपटी-तिपटीचा फरक. मग तेल घटलं ते जीवाणूंनी खाल्लं, लाटेने नेलं की नमुनाच पातळ जागेचा घेतला, हे ठरवायचं कसं? शंका अशीही होती की इनिपोल साबणासारखं काम करतंय आणि तेल नुसतं धुऊन निघतंय.

याचं उत्तर नंतर होपेन या पदार्थाने दिलं. होपेन हा कच्च्या तेलातलाच एक घटक, पण जीवाणू त्याला सहसा हात लावत नाहीत. तेव्हा तेलातले बाकीचे घटक होपेनच्या प्रमाणात किती घटले ते मोजायचं. तेल वाहून गेलं तर होपेनही सोबत जातं आणि प्रमाण तेच राहतं. तेल खाल्लं गेलं तर होपेन मागे उरतं आणि प्रमाण बदलतं. जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या हाडकांवरून किती मासे खाल्ले ते कळावं, तसंच हे. या मापाने तपासल्यावर खताने जीवाणूंचा वेग काही पट वाढल्याचं आणि तो खडीतल्या पाण्यात प्रत्यक्ष किती नायट्रोजन पोचला यावर अवलंबून असल्याचं दिसलं. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, म्हणजे निर्णयानंतर पाच वर्षांनी.

डोळ्यांवर विसंबून ऑगस्टमध्ये पुढे जाणं चूक होतं का? मला नाही वाटत. आकडे पक्के होईपर्यंत थांबले असते तर हंगाम गेला असता आणि गरम पाण्याचे फवारे चालू राहिले असते. खत टाकणं हा समोरच्या पर्यायांत कमी नुकसानाचा होता.

तिसरा टप्पा बाहेरच्या जीवाणूंचा. अपघातानंतर जीवाणूंची पावडर, द्रव, पाकिटं विकणाऱ्यांची रांग लागली. 'आमचे जीवाणू तुमच्यापेक्षा जास्त खातात' असा प्रत्येकाचा दावा. १९९० मध्ये पर्यावरण संस्थेने अशा उत्पादनांचे प्रस्ताव रीतसर मागवले, प्रयोगशाळेत पारखले, आणि निवडलेली दोन डिस्क बेटावर किनाऱ्यावरच लावून पाहिली. सत्तावीस दिवसांच्या चाचणीत त्यांचा वेगळा असा फायदा दिसला नाही. पुढे १९९४ मध्ये डेलावेअर राज्यातल्या फाउलर बीचवर मोजून-मापून तेल सांडून आणखी काटेकोर प्रयोग झाला. तिथेही खताने थोडा वेग वाढला, वरून जीवाणू घातल्याने आणखी काही वाढलं नाही. शिवाय तिथल्या पाण्यात नायट्रोजन आधीच बऱ्यापैकी होता, त्यामुळे खताचाही फरक माफकच पडला.

दूध विरजलेलं असताना त्यात आणखी एक चमचा विरजण घातलं म्हणून दही लवकर लागत नाही. ऊब कमी असेल तर ऊब द्यावी लागते. अलास्कात ती ऊब म्हणजे नायट्रोजन होता. डेलावेअरमध्ये तीही थोडीफार होतीच.

चौथा टप्पा पुरलेल्या तेलाचा, आणि तो सर्वांत अवघड. १९९० मध्ये असा प्रस्ताव आला की खडी खणून काढावी, यंत्रात धुवावी आणि परत टाकावी. नोआने फायदा-तोटा तोलून सांगितलं की यात किनाऱ्याचं नुकसान जास्त, लाभ कमी. मग काही ठिकाणी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला साचलेल्या खडीच्या राशी लाटांच्या टप्प्यात खाली ओढल्या, काही ठिकाणी खडी उकरून मोकळी केली, वरून खत दिलं. बाकी तेल तसंच राहू दिलं. जून १९९२ मध्ये सफाई संपल्याचं जाहीर झालं.

परिणाम

उघड्यावरच्या तेलाच्या बाबतीत हा उपाय कामी आला, यात शंका नाही. तो गरम पाण्याच्या फवाऱ्यापेक्षा सौम्य होता, त्याला माणसं कमी लागली आणि तेल एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकललं गेलं नाही.

पण २००१ मध्ये नोआच्या शास्त्रज्ञांनी त्या किनाऱ्यांवर पुन्हा फावडी नेली. एका उन्हाळ्यात ९१ ठिकाणी ९,००० हून अधिक खड्डे खणले. निम्म्याहून जास्त ठिकाणी तेल निघालं. गोटे बाजूला केले, खडी काढली, खड्ड्यात पाणी पाझरलं आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग धरला. काही खड्ड्यांतलं तेल तर बारा वर्षांनंतरही अपघातानंतरच्या आठवड्यांत असावं तसं ताजं होतं. एकूण ५५ टनांच्या आसपास तेल अजून खाली असल्याचा अंदाज त्यांनी केला. सांडलेल्या तेलाच्या मानाने हे थोडंच. पण समुद्री ऊदमांजरं शिंपल्यांसाठी याच खडीत खणतात, आणि त्यांना आकड्याचं काही देणंघेणं नव्हतं. या आखातातली ऊदमांजरं सावरल्याचं म्हणायला २०१३-१४ उजाडलं.

जीवाणूंनी हे तेल का नाही खाल्लं? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचा उलगडा केला. या किनाऱ्यांना दोन थर आहेत. वरच्या थरातून पाणी सळसळत जातं, खालचा थर इतका दबलेला की पाणी त्यातून जेमतेम सरकतं. तेल वरच्या थरातून खाली उतरलं आणि दुसऱ्या थराच्या तोंडाशी अडकलं. वरून दिलेलं खत आडवंच वाहून समुद्रात गेलं. प्राणवायूही तिथवर पोचला नाही. जीवाणू होते, अन्न होतं. पण श्वास घ्यायला हवा नव्हती आणि तोंडी लावायला नायट्रोजन नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, गरम पाण्याचा सरसकट वापर टाळता आला असता. जूनमध्ये सुरू झालेली खताची चाचणी एप्रिलमध्ये सुरू करण्यात तांत्रिक अडचण नव्हती. इनिपोल आधीपासून उपलब्ध होतं. सहा आठवडे लवकर सुरुवात झाली असती तर ऑगस्टची परवानगी जूनमध्ये मिळाली असती आणि त्या हंगामात खताला दुप्पट वेळ मिळाला असता. तेल ताजं असताना त्यातले हलके घटक जीवाणूंना सोपे जातात. उशीर झाला की उरतं ते कठीण.

दुसरं, पहिल्याच महिन्यात खणायला हवं होतं. किनाऱ्याची पाहणी मुख्यतः वरून झाली: किती टक्के खडक काळा, पट्टा किती रुंद. हातभर खोल खड्ड्यातल्या पाण्यात प्राणवायू किती, नायट्रोजन किती, हे तेव्हाच ठिकठिकाणी मोजलं असतं तर कोणत्या किनाऱ्यावर खत पोचणार आणि कोणत्या नाही हे हंगामाआधीच समजलं असतं. मग पोचणार नाही तिथे, तेल पहिल्या थरात आहे तोवरच, हाताने खडी उकरून मोकळी करता आली असती. बारा वर्षांनी खणून काढण्यापेक्षा ते कितीतरी कमी त्रासाचं होतं.

तिसरं, न फवारलेले तुकडे आणखी राखायला हवे होते. मोठ्या पट्ट्यावर काम सुरू झाल्यावर राखीव तुकड्यांची संख्या फारच कमी पडली. तेलाने माखलेला किनारा मुद्दाम तसाच सोडायला कोणी तयार होत नाही, हे समजतं. पण तो सोडला नाही तर पुढच्या अपघातात पुन्हा डोळ्यांवरच विसंबावं लागतं.

आणि चेनेगासारख्या गावांतल्या माणसांना सुरुवातीपासून जोडीला घ्यायला हवं होतं. कोणत्या खाडीत गोट्यांखाली चिखल आहे, कुठे खणलं की शिंपले लागतात, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. खालचा थर कुठे दबलेला आहे हे सांगायला त्यांना कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

आपल्या किनाऱ्याशी याचा संबंध

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडलं. ते उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि खाडीतल्या तिवरांत शिरलं. तिवरांचा चिखल म्हणजे अलास्कातल्या खालच्या थराचाच भाऊ. वरच्या काही मिलिमीटरांखाली प्राणवायू संपतो. पाय रुतवला की सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळेच. तिथे कितीही चांगले जीवाणू टाकले तरी ते खाली गेल्यावर गुदमरणार. आणि आपल्या खाड्यांत सांडपाण्यामुळे नायट्रोजनची वानवा नाही, तेव्हा खताचाही तिथे उपयोग नाही. तिवरांत करण्यासारखं काम म्हणजे तेल आत शिरायच्या आधी तोंडाशीच अडवणं. शिरल्यावर चिखल तुडवत आत गेलं तर तेल पायाने आणखी खोल दाबलं जातं.

जीवाणू पेरणं सगळीकडेच वाया जातं असंही नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांच्या पुडीवर पाच जीवाणू बसवून 'ऑईलझॅपर' तयार केलं आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या गाळावर ते चांगलं चालतं. तिथे गाळ एका जागी असतो. नांगरून हवा देता येते, पाणी मारता येतं, खत मापून घालता येतं, आणि दिवसातून दोनदा येऊन सगळं धुऊन नेणारी भरती नसते. पुळणीवर यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

आता त्या दरवर्षीच्या प्रश्नाकडे येतो. डांबरगोळा पुळणीवर येतो तोवर समुद्रात बराच काळ फिरलेला असतो. हलके घटक उडून गेलेले, जीवाणूंना रुचणारा भाग वाटेतच खाल्ला गेलेला. उरतं ते डांबराचं जड, गुंतागुंतीचं सत्त्व, आणि तेही गोळ्यात घट्ट वळलेलं. जीवाणूला टेकायला पृष्ठभागच थोडा. त्यावर पावडर फवारून फारसं काही होत नाही. म्हणून सफाईला येणाऱ्यांना मी हातमोजे, घमेलं आणि चाळणी घेऊन यायला सांगतो. जेसीबी शक्यतो नको, त्याने गोळे वाळूत गाडले जातात. आणि यायचं ते ओहोटी लागल्या लागल्या, पुढच्या उधाणाने गोळ्यांवर वाळूचा थर चढवायच्या आत.